पडद्यावर किती विश्वास ठेवायचा?

अगं, रेडिओलॉजीची सीट मिळाली म्हणून काकूने अख्ख्या नात्यात पेढे वाटले, आणि तू मात्र फोनवर हळूच विचारतेस, “ताई, त्यात पुन्हा फिजिक्स आहे ना गं?” आहे. परीक्षेत आहे, व्हायवात आहे आणि परीक्षा संपल्यावर रोज सकाळी सोनोग्राफीच्या खोलीतही आहे. पण ‘नीट’साठी घोकलं होतंस तसलं ते नाही. इथे प्रत्येक नियम हाताखालच्या पोटात तिथल्या तिथे दिसतो. तू जॉइन व्हायच्या आधी याबद्दल तुझ्याशी जरा निवांत बोलायचं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं ते आधीच सांगून टाकते. मशीन पोटात बघत नाही. ते आवाज सोडतं, परत आलेला आवाज ऐकतं आणि त्यावरून चित्र मांडतं. मांडताना चार गोष्टी गृहीत धरतं. आवाज सगळीकडे एकाच वेगाने जातो. सरळ रेषेत जातो. एकदाच आपटून थेट परत येतो. आणि जितका खोल जाईल तितका सगळीकडे सारख्याच प्रमाणात क्षीण होतो. बहुतेक वेळा ही गृहीतकं चालून जातात. जिथे मोडतात, तिथे पडदा भलतंच काहीतरी दाखवतो. हे चार धागे ज्या मुलीच्या हातात पक्के असतात, तिला पडदा सहसा चकवू शकत नाही. उलट त्या भलत्या दिसण्यातूनच ती निदान काढते. बाकी सगळं पुस्तकात आहे, ते तू वाचशीलच.

आता पहिल्यापासून बघू. आपल्या कानाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याच्या वरचा तो श्राव्यातीत ध्वनी, हे शाळेतच झालं. सोनोग्राफीचा आवाज त्याच्याही खूप वरचा. पोटाच्या प्रोबचा साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झ, आणि थायरॉइड, स्तन, स्नायू अशा वरवरच्या भागांसाठीच्या प्रोबचा ७ ते १५ मेगाहर्ट्झ. एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपनं. हा अनुतरंग आहे. शरीरातले कण जागच्या जागी पुढेमागे हलतात, संपीडन आणि विरलन पुढे सरकत जातं. त्याला जायला माध्यम लागतं, हे नीट लक्षात ठेव. पुढे जेलीपासून गॅसपर्यंत सगळं त्यावरच येणार आहे.

हा आवाज निघतो प्रोबच्या तोंडाशी असलेल्या पिझोइलेक्ट्रिक घटकांच्या रांगेतून. झाक आणि पिएर क्यूरी या दोघा भावांनी १८८० मध्ये दाखवलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो. उलटही होतं. वीज दिली की ते आकसतात, फुगतात. प्रोबमध्ये दोन्ही कामं तोच घटक करतो. क्षणभर बोलतो आणि मग ऐकत बसतो. नव्याण्णव टक्क्यांहून जास्त वेळ त्याचा ऐकण्यातच जातो. म्हणून प्रोब जपायची सवय पहिल्याच दिवशी लावून घे. एकदा हातातून पडला आणि त्यातले काही घटक गेले, की त्या जागेखाली चित्रात उभी काळी पट्टी कायमची. वायर जमिनीवर लोळू देऊ नकोस, खुर्चीची चाकं तिच्यावरून जातात.

मशीनला खरं तर दोनच गोष्टी कळतात. प्रतिध्वनी किती वेळाने आला आणि किती जोरात आला. वेळेवरून ते खोली ठरवतं, जोरावरून ठिपका किती उजळ काढायचा ते. यासाठी त्याने वेग धरलेला असतो सेकंदाला १५४० मीटर. मऊ ऊतींतला हा सरासरी वेग. या हिशोबाने एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला आवाजाला १३ मायक्रोसेकंद लागतात. हा १३ चा आकडा लक्षात ठेव, त्याने पुष्कळ कोडी सुटतात.

उदाहरणार्थ, तू डेप्थ १५ सेंटिमीटर ठेवलीस. एका रेषेचा आवाज जाऊन यायला जवळजवळ २०० मायक्रोसेकंद लागले. म्हणजे सेकंदाला साधारण ५,००० रेषा. एका चित्राला २०० रेषा लागत असतील, तर सेकंदाला २५ चित्रं. हा साधा हिशोब झाला. हल्लीची मशीन एका वेळी अनेक रेषा ऐकून तो ताणतात, पण आवाजाचा वेग त्यांनाही वाढवता येत नाही. म्हणून गर्भाचं हृदय बघताना चित्र अडखळायला लागलं की मशीनला दोष देऊ नकोस. डेप्थ कमी कर, सेक्टर अरुंद कर. हृदय पडद्यावर मोठं दिसेल आणि झडपाही सुरळीत हलताना दिसतील.

आता हा १५४० चा आकडा पहिल्यांदा कुठे मोडतो ते बघ. चरबीत आवाज जातो साधारण १४५० मीटरच्या वेगाने. पोटावर पाच सेंटिमीटर चरबी असेल, तर तिच्यातून यायला आवाजाला जास्त वेळ लागतो आणि मशीन तो थर ५.३ सेंटिमीटरचा समजतं. चरबीखालचं सगळं तीनेक मिलिमीटर खाली सरकतं. रोजच्या मापांत हे खपून जातं. पण एकाच रेषेवर अर्धा भाग चरबीखाली आणि अर्धा स्नायूखाली असेल, तर डायाफ्रामची सलग रेघ मध्येच तुटल्यासारखी दिसते, किंवा बायोप्सीची सरळ सुई वाकडी दिसते. तेव्हा दचकू नकोस. डायाफ्राम फाटलेला नाही, सुईही वाकलेली नाही. वेग बदललाय.

पुढचा मुद्दा अकूस्टिक इम्पिडन्सचा. नाव अवघड, गोष्ट सोपी. ऊतीची घनता गुणिले तिच्यातला आवाजाचा वेग. दोन शेजारच्या ऊतींचा हा आकडा जितका वेगळा, तितका आवाज त्यांच्या सीमेवरून परत फिरतो. चरबी आणि स्नायू यांच्या सीमेवर जेमतेम एक टक्का परततो, बाकीचा पुढे जातो. म्हणूनच त्यांच्या पलीकडचंही आपल्याला दिसतं. मऊ ऊती आणि हाड यांच्या सीमेवर सुमारे चाळीस टक्के परततो, आणि जो आत शिरतो तो हाडातच विरतो. मऊ ऊती आणि हवा यांच्या सीमेवर तर ९९.९ टक्के आवाज तिथूनच माघारी फिरतो.

या एका आकड्यात खोलीतल्या निम्म्या सूचना आल्या. जेली लावायची कारण प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी आवाज आत जाणार नाही. पित्ताशयासाठी साधारण सहा तास उपाशी बोलवायचं कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतड्यांत गॅस वाढतो. ओटीपोटाच्या तपासणीला लघवी दाबून ठेवायला सांगायचं कारण भरलेलं मूत्राशय आतड्यांना बाजूला सारतं, आणि त्यातल्या पाण्यासारख्या लघवीतून आवाज जवळजवळ काही न गमावता गर्भाशयापर्यंत पोहोचतो. बाहेर बाकावर बसलेली बाई दीड-दोन लिटर पाणी पिऊन कळ सोसत असते, तेव्हा तिला हे कारण दोन वाक्यांत सांग. त्रास का सोसायचा हे कळलं की माणूस सोसतो. नुसता हुकूम सोडलास तर चिडतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

पहिल्या आठवड्यात एक गोष्ट करून बघ. जेली न लावता प्रोब नुसता हवेत धर. पडद्याच्या अगदी वरच्या बाजूला एकाखाली एक उजळ आडव्या रेघा दिसतील, सारख्या अंतरावर, खाली खाली फिक्या होत गेलेल्या. त्याच्या खाली नुसता काळोख. आवाज प्रोबच्या तोंडाशीच मागेपुढे आपटतोय आणि प्रत्येक फेरीला मशीन नवीन थर समजून एक रेघ काढतंय. तिसरं गृहीतक तुझ्या डोळ्यांदेखत मोडलं. यालाच रिव्हर्बरेशन म्हणतात. पुढे मूत्राशयाच्या वरच्या भिंतीलगत धुरकट रेघा दिसल्या आणि आत गाळ आहे की काय असं वाटलं, तर ही हवेतली रेघारेघांची नक्षी आठव.

आता कोनाबद्दल. कॅरमचा स्ट्रायकर कडेवर सरळ आपटला तर सरळ आपल्याकडे येतो, तिरका आपटला तर दुसऱ्याच बाजूला निघून जातो. डायाफ्राम, पित्ताशयाची भिंत, मूत्रपिंडाचं आवरण अशा गुळगुळीत पृष्ठभागांवर आवाजाचंही तेच होतं. नव्वद अंशांत आपटला तर रेघ लखलखते. कोन चुकला की प्रतिध्वनी प्रोबपर्यंत येतच नाही आणि भिंत असूनही नाहीशी होते. खांद्याचे किंवा घोट्याचे स्नायूबंध बघताना हे फार जपायचं. प्रोब थोडासा कलला की चांगला धडधाकट टेंडन काळा दिसतो, आणि नवखी मुलगी ‘फाटलाय’ असं लिहून मोकळी होते. काळं दिसलं की आधी मनगट हलव. प्रोब सरळ केल्यावर पुन्हा उजळलं तर फाटलेलं नाही.

मग लिव्हरच्या आतले ते बारीक करडे दाणे कसले? खूप विद्यार्थी त्यांना पेशी समजतात. साडेतीन मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण ०.४४ मिलिमीटर असते, आणि लिव्हरची पेशी त्याच्या दहाव्या भागाइतकीही मोठी नसते. इतक्या बारीक गोष्टींवरून आवाज सगळ्या दिशांना विखुरतो. ते विखुरलेले तरंग एकमेकांत मिसळून कुठे वाढतात, कुठे विरतात, आणि पडद्यावर दाणे उमटतात. त्याला स्पेकल म्हणतात. एकेका दाण्याला काही अर्थ नाही. त्यांचा पोत मात्र बोलका असतो. फॅटी लिव्हरमध्ये तो पोत उजळतो आणि खोलवरचा भाग अंधारतो. शेजारच्या मूत्रपिंडाशी ताडून बघायची सवय ठेव.

वारंवारतेची निवड ही रोजची घासाघीस आहे. वारंवारता जास्त तर तरंगलांबी कमी, आणि चित्र बारकाव्याचं. पण मऊ ऊतींत आवाज दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबल क्षीण होतो. हे नुसतं पाठ केलं तर परीक्षेपुरतं. एकदा हातानेच गणित करून बघ. दहा सेंटिमीटर खोल जायचं, म्हणजे जाऊन येऊन वीस. ३ मेगाहर्ट्झला ३० डेसिबल गेले, म्हणजे निघालेल्या शक्तीचा हजारावा भाग उरला. ५ मेगाहर्ट्झला ५० डेसिबल, म्हणजे लाखावा भाग. दोन मेगाहर्ट्झच वाढवले आणि उरलेला आवाज शंभर पटीने घटला. आणि हे नुसतं क्षीण होण्याचं गणित, परावर्तनात जातो तो वेगळाच.

म्हणून माझा नियम साधा आहे. जिथे बघायचंय तिथपर्यंत पोहोचेल अशी सगळ्यात जास्त वारंवारता घे. लठ्ठ माणसाच्या लिव्हरला खालची वारंवारता लागणारच. पण बारक्या पोराचं अपेंडिक्स बघायला पोटाचा कॉन्व्हेक्स प्रोब घेऊन बसू नकोस, वरवरच्या भागांसाठीचा लिनिअर घे. मोठ्या माणसातही लिव्हरचा अगदी वरचा पृष्ठभाग लिनिअर प्रोबने एकदा बघत जा. सिरोसिसमधला खडबडीतपणा तिथे साफ दिसतो.

खालून येणारा आवाज इतका क्षीण असेल तर चित्राचा खालचा भाग काळाच राहायला हवा. तो तसा राहत नाही, कारण मशीन उशिरा आलेला प्रतिध्वनी जास्त वाढवून दाखवतं. पडद्याशेजारी आडव्या पट्ट्यांची जी रांग असते, ती त्यासाठीच. सगळे तिला टीजीसी म्हणतात. इथे चौथं गृहीतक येतं. मशीन धरून चालतं की वाटेतल्या सगळ्या ऊतींनी आवाज सारखाच खाल्ला. हे गृहीतक मोडतं तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद होतो, कारण तिथे निदान आपणहून समोर येतं.

पाण्याने भरलेली सिस्ट घे. पाणी आवाज खातच नाही म्हटलं तरी चालेल. सिस्टमधून पार गेलेला आवाज शेजारच्या वाटेने गेलेल्या आवाजापेक्षा जोरकस राहतो. मशीन मात्र दोघांनाही सारखंच वाढवतं. म्हणून सिस्टच्या मागे उजळ पट्टा दिसतो. गाठ आतून काळी आहे एवढ्यावर तिला सिस्ट म्हणू नकोस. काही घट्ट गाठीही काळ्याच दिसतात. भिंत पातळ आहे का आणि मागे उजळतंय का, हे बघ आणि मगच लिही.

या फरकाने या शास्त्राला जन्माच्या वेळीच बळ दिलं. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी एका कारखान्यात नेल्या. धातूतल्या भेगा शोधण्याचं ध्वनियंत्र तिथे होतं. पाण्याची गाठ आणि घट्ट गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्यांनी पाहिलं. पुढे त्यांच्याकडे एक बाई आली, पोट फुगलेलं, पोटाचा कॅन्सर हाताबाहेर गेलाय असं निदान झालेलं. यंत्राने दाखवलं की ही तर पाण्याने भरलेली प्रचंड सिस्ट आहे. ती अंडाशयाची निघाली, काढली आणि बाई वाचली. जॉन मॅकव्हिकर आणि इंजिनिअर टॉम ब्राऊन यांच्यासोबतचा त्यांचा लेख ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. सिस्टच्या मागचा उजळ पट्टा बघताना मला ती बाई नेहमी आठवते. परावर्तनाचा नियम कुणाचं तरी आयुष्य असतो, हे तिच्यामुळे मला पटलं.

आता याच्या उलट, खडा. पेशंटला पाठीवर झोपव, श्वास भरून रोखायला सांग, उजव्या बरगड्यांखालून प्रोब तिरका आत बघू दे. पित्ताशय काळं, नासपतीच्या आकाराचं. त्याच्या तळाशी एक उजळ, कमानदार रेघ, आणि तिच्यामागे सरळ खाली गेलेली स्वच्छ काळी सावली. खड्याने आवाज अडवला, काही खाल्ला, मागे काहीच गेलं नाही. मशीनला वाटतं मागे काही नाहीच. इथे थांबू नकोस. पेशंटला डाव्या कुशीवर वळव आणि प्रोब तिथेच धरून बघत राहा. खडा असेल तर भिंतीला धरून घरंगळत नवीन तळ गाठतो आणि सावलीही त्याच्यामागून सरकते. जागचा हलला नाही आणि सावलीही पडत नसेल तर पॉलिपचा विचार कर.

आणि खडा वाटतोय पण सावली पडत नाही, तेव्हा? आवाजाचा झोत खड्यापेक्षा रुंद असला तर तो दोन्ही बाजूंनी मागे जातो आणि सावली भरून निघते. फोकस नेमका खड्याच्या खोलीवर आण, तिथे झोत सगळ्यात अरुंद असतो. वारंवारता वाढव, हार्मोनिक लाव. कंपाउंडिंग चालू असेल तर बंद करून बघ, कारण ते वेगवेगळ्या कोनांतून बघून चित्र गुळगुळीत करतं आणि सावलीही पुसून टाकतं. हे सगळं करायला अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यावरून त्या माणसाचं ऑपरेशनपर्यंतचं सगळं ठरणार असतं.

सरळ रेषेच्या गृहीतकाची गंमत डायाफ्रामपाशी बघायला मिळते. डायाफ्रामच्या पलीकडे हवेने भरलेलं फुप्फुस, त्यामुळे तिथून आवाज जोरात परततो. लिव्हरमध्ये डायाफ्रामजवळ एखादी गाठ असेल, तर आवाज आधी डायाफ्रामवर आपटतो, तिथून गाठीवर जातो, आणि त्याच वाटेने परत येतो. मशीनला ही वळणं कळत नाहीत. त्याला वाटतं आवाज सरळच गेला होता, फक्त जास्त खोल. म्हणून तशीच दुसरी गाठ छातीत काढून ठेवतं. लिव्हरचा पोतही तसाच वर उमटतो. ही प्रतिमा दिसली तर घाबरू नकोस, ती तिथलं फुप्फुस हवेने भरलेलं आहे याची खूण आहे. छातीत पाणी झालं की हा आरसा जातो आणि डायाफ्रामच्या वर खरंखुरं काळं पाणी दिसतं.

फुप्फुसाची सोनोग्राफी तर बरीचशी अशा खोट्या रेघांवरच उभी आहे. हवेमुळे आत काही दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षं तिकडे कुणी प्रोब फिरवत नसे. फ्रान्सच्या डॅनिएल लिश्टेनस्टाइन यांनी आयसीयूत त्या रेघांचाच अर्थ लावला. प्लुराच्या खाली सारख्या अंतरावर आडव्या रेघा असतील तर खाली हवा. प्लुरापासून पडद्याच्या तळापर्यंत उभे उजळ झोत खाली येत असतील, तर फुप्फुसाच्या जाळीत पाणी साचायला लागलंय. यांपैकी एकही रेघ शरीरात खरोखर नसते. तरी तिच्यावरून पेशंटला द्यायचं सलाइन कमी होतं.

डॉप्लरबद्दल थोडंच बोलते, पण कान देऊन ऐक. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्रागमध्ये ताऱ्यांच्या प्रकाशासाठी मांडलेला नियम आपण रक्तपेशींना लावतो. पेशी प्रोबकडे येत असतील तर परतणाऱ्या आवाजाची वारंवारता वाढते, लांब जात असतील तर कमी होते. ५ मेगाहर्ट्झचा आवाज, सेकंदाला ५० सेंटिमीटर धावणारं रक्त आणि ६० अंशांचा कोन धरला तर हा फरक साधारण १,६०० हर्ट्झ येतो. म्हणजे थेट आपल्या कानाला ऐकू येणारा. मशीनमधून येणारी ती सूं सूं हाच तो फरक. आवाज बंद करून काम करू नकोस, कानही शिकवतो.

इथे सगळा खेळ कोनाचा. नव्वद अंशांत फरक जवळजवळ शून्य होतो आणि वाहतं रक्त थांबल्यासारखं दिसतं. ६० अंशांच्या वर जाऊ नकोस. ६० ला पाच अंश चुकलीस तर वेगात पंधरा टक्क्यांचा घोळ होतो, ७५ ला तेवढंच चुकलीस तर तेहेतीस टक्क्यांचा. लाल म्हणजे धमनी आणि निळा म्हणजे शीर असंही धरू नकोस. रंग फक्त येणं-जाणं सांगतो, आणि तोही कलर बारमध्ये वरती कुठला रंग ठेवलाय त्यावर.

रात्री दोन वाजता अंडकोष दुखतोय म्हणून एखादा मुलगा येईल. रंग दिसत नाहीये. ‘रक्तपुरवठा नाही’ असं लिहिण्याआधी स्केल खाली आण, वॉल फिल्टर कमी कर, गेन वाढव, प्रोबचा कोन बदल, आणि दुसऱ्या बाजूच्या चांगल्या अंडकोषावर त्याच सेटिंगला रंग येतोय ना ते बघ. तिथे येतोय आणि इथे नाही, मग एक क्षणही दवडू नकोस. सर्जनला फोन कर.

सुरक्षिततेचंही बोलू. एक्स-रेसारखी आयनीभवन करणारी किरणं यात नाहीत, हे पेशंटला छातीठोकपणे सांग. पण आवाजही ऊर्जा असते. ऊती थोड्या तापू शकतात, बारीक वायूचे बुडबुडे हलू शकतात. पडद्याच्या कोपऱ्यात थर्मल इंडेक्स आणि मेकॅनिकल इंडेक्स हे दोन आकडे असतात, त्यांच्याकडे लक्ष ठेव. मेकॅनिकल इंडेक्सची अमेरिकेच्या एफडीएने घातलेली कमाल मर्यादा १.९ आहे, आणि डोळ्यांसाठी ०.२३. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाच्या हृदयाचे ठोके मोजायला डॉप्लर लावू नकोस, एम-मोडवर मोज. आईला ठोका ऐकवायचा मोह होतो, पण एम-मोडची नागमोडी रेघ दाखवली तरी तिला तेवढंच समाधान मिळतं. काम झालं की प्रोब उचल.

आणि आपल्याकडे एक जास्तीची जबाबदारी आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. गरोदर बाईच्या तपासणीचा एफ फॉर्म पूर्ण आणि खरा भर. नातेवाईक ओळखीने विचारतील, आडून विचारतील, पेढे की जिलबी असंही विचारतील. तू चेहऱ्यावरची रेषाही हलवू नकोस.

आता पहिल्या महिन्याचा अभ्यास. ड्युटी संपल्यावर एका पसरट टबात पाणी घे. रबरी हातमोज्यात पाणी भरून गाठ मार आणि टबात सोड. शेजारी एक खडा आणि एक द्राक्ष ठेव. प्रोबचं फक्त तोंड पाण्याला टेकव. हातमोज्यामागे काय उजळतं बघ, खड्यामागची सावली बघ, मग वारंवारता बदल, फोकस वरखाली कर, टीजीसीच्या पट्ट्या वेड्यावाकड्या करून चित्र कसं बिघडतं ते बघ. तिथे कुणाला वेदना होत नसतात, कुणी घाईत नसतं, त्यामुळे नियम हातात उतरतो. शिवाय रोज एक आर्टिफॅक्ट, म्हणजे असं भलतं दिसणारं चित्र, साठवून ठेव आणि खाली लिही की कुठलं गृहीतक मोडलं. परीक्षेत फिजिक्सचा पेपर समोर येईल तेव्हा तुला पाठांतर लागणार नाही.

एक शेवटचं, आणि हे मी फार मनापासून सांगतेय. दिवसाला चाळीस-पन्नास पेशंट, बाहेर गर्दी, वरून रिपोर्टची घाई. स्वादुपिंडावर गॅस आलेला असेल आणि हात सवयीने ‘नॉर्मल’ टाइप करायला जाईल. तो हात थांबव. पेशंटला पाणी पाज, उठवून बसव, कुशीवर वळव, दुसऱ्या खिडकीतून बघ. तरीही नाही दिसलं तर ‘गॅसमुळे स्वादुपिंडाचं शेपूट दिसलं नाही’ असं स्पष्ट लिही. त्यात कमीपणा काहीच नाही. तुझ्या वाक्यामुळे पुढचा डॉक्टर सीटी करायचा की नाही याचा विचार करेल. तू ‘नॉर्मल’ लिहिलंस तर तो विचार तिथेच बंद होईल. जिथे आवाज पोहोचला तिथलं निर्धास्तपणे लिही. जिथे पोहोचला नाही, तिथे तो पोहोचला नाही असंच लिही.

काही अडलं तर फोन कर. रात्रीसुद्धा.

तुझी ताई